मनगटावरची गारगोटी

भिंतीवरचं घड्याळ कायमचं बंद पडलं, की फेकण्याआधी त्याच्या पाठीवरचं काळं यंत्र एकदा उघडून पाहावं. पेन्सिल सेल काढला, कडेचे खटके दाबून झाकण उचललं की आत फारसं काही नसतं. प्लॅस्टिकची चार-पाच दातेरी चाकं, केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि सर्किटची एक छोटी पट्टी. पट्टीच्या कडेला एक चंदेरी नळी दोन तारांवर आडवी डकवलेली असते. लांबी आठेक मिलिमीटर, जाडी तीन. पक्कडीत धरून तिचं कवच हलक्या हातानं फोडलं, तर आतून काचेसारखा पारदर्शक, दोन पायांचा चिमुकला काटा निघतो. आकार शाळेच्या प्रयोगशाळेतल्या नादकाट्याचा. पायांवर धातूचा मुलामा, आणि टोकांशी त्या मुलाम्यावर लेसरनं पाडलेले ठिपके. काट्याचं वजन किंचित उतरवून त्याचा सूर लावण्यासाठी ते पाडलेले असतात.

हा सूर सेकंदाला ३२,७६८ कंपनांचा. आकडा आडनिडा दिसतो, पण तो दोनाचा पंधरावा घात आहे. पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, आणि निम्मं करत जाणं हे इलेक्ट्रॉनिक सर्किटचं सर्वांत सोपं काम. उरलेल्या त्या एका ठोक्यावर सेकंदकाटा एक घर पुढे सरकतो.

काटा ज्याचा बनवलेला असतो ते क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी. सिलिकॉन आणि ऑक्सिजन, बाकी काही नाही. नदीच्या वाळूत ती असते, आणि अंधारात दोन तुकडे एकमेकांवर घासून त्यांतला उजेड पाहण्याचा खेळ मराठी मुलखातल्या कित्येक पिढ्या खेळल्या आहेत. पण घड्याळातली गारगोटी कुठल्या नदीतून आलेली नसते. ती कारखान्यात, पोलादाच्या भांड्यात, कित्येक आठवडे राखण करून वाढवलेली असते. पायाखाली पसरलेली वस्तू मुद्दाम पिकवायची वेळ का आली, याचा माग काढायचा तर बरंच मागे जावं लागतं.

रोमन लेखक प्लिनी याची इसवी सनाच्या पहिल्या शतकात पक्की समजूत होती, की स्फटिक म्हणजे इतकं घट्ट गोठलेलं बर्फ की ते पुन्हा वितळत नाही. आल्प्सच्या बर्फाळ कड्यांत तो सापडे, तेव्हा समजूत अगदीच अनाठायी नव्हती. हिंदुस्तानातल्या स्फटिकाला तोड नाही, असंही तो लिहून ठेवतो. ही बर्फाची कल्पना दीड हजार वर्षं टिकली.

१६६९ मध्ये फ्लॉरेन्सला राहणाऱ्या नील्स स्टेन्सन या डॅनिश शरीरशास्त्रज्ञानं एक छोटं पुस्तक छापलं. विद्वानांच्या जगात त्याचं नाव स्टेनो. क्वार्ट्झचे स्फटिक आडवे कापल्यावर दिसतील तशी चित्रं त्यानं शेजारी शेजारी काढली. एक फुगीर, एक चपटा, एकाची बाजू लांब, दुसऱ्याची आखूड. पण दोन बाजूंमधला कोन प्रत्येक वेळी तोच, १२० अंश. बाजू कितीही वेड्यावाकड्या वाढोत, कोन ढळत नाही. याच पुस्तकात त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. स्फटिक झाडासारखा आतून पोसला जात नाही. भोवतीच्या द्रवातून येणारा पदार्थ त्याच्या बाहेरच्या बाजूंवर थर देत बसतो, आणि कुठल्या बाजूवर किती बसेल हे ठरलेलं नसतं, म्हणून आकार बदलतात. कारखान्यातली आजची सगळी उठाठेव या एका निरीक्षणावर उभी आहे.

कोन ढळत नाहीत याचा अर्थ आत काहीतरी शिस्तीनं रचलेलं आहे. ती रचना क्ष-किरणांनी दिसायला विसावं शतक उजाडावं लागलं, पण इथेच सांगून टाकलेली बरी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असतात आणि त्यांचा चार टोकांचा एक ठोकळा होतो. हे ठोकळे टोकाला टोक जोडून मळसूत्रासारखे फिरत वर चढतात. मळसूत्र उजवं असतं किंवा डावं, आणि निसर्गात दोन्ही तऱ्हेचे स्फटिक साधारण सारख्याच संख्येनं मिळतात. हा झाला पहिला तिरकेपणा. दुसरा असा, की हे ठोकळे सरळ बसत नाहीत. नेहमीच्या तापमानाला ते आपल्या समतोल जागेपासून सुमारे १६ अंशांनी कललेले असतात. हा कल एका अंगाला असू शकतो किंवा बरोबर उलट्या अंगाला.

या तिरकेपणाचा उपयोग पहिल्यांदा दाखवला तो पॅरिसमधल्या दोन भावांनी, १८८० मध्ये. पियर क्युरी तेव्हा २१ वर्षांचा, झाक त्याच्याहून साडेतीन वर्षांनी मोठा. त्यांचा तर्क साधा होता. मिठाच्या स्फटिकात मध्यबिंदूपासून एका दिशेला जो अणू दिसेल, तोच बरोबर उलट दिशेलाही तेवढ्याच अंतरावर दिसतो. असा स्फटिक दाबला तर आतले धन आणि ऋण भार जोडीजोडीनं सरकतात आणि एकमेकांची फिट्टंफाट करतात. ज्या स्फटिकात ही जोडी नाही, तिथे दाबल्यावर काहीतरी शिल्लक उरलं पाहिजे. भावांनी स्फटिकांचे नेमक्या दिशेनं काप काढले, दोन्ही बाजूंना कथलाचा वर्ख चिकटवला आणि वर वजन ठेवलं. विद्युतभार दिसला. क्वार्ट्झमध्ये दिसला, टुर्मलिनमध्ये दिसला, पुष्कराजात दिसला आणि उसाच्या साखरेच्या स्फटिकातही दिसला. पुढच्याच वर्षी गाब्रिएल लिपमन यांनी गणितातून सांगितलं की उलटंही घडलं पाहिजे, म्हणजे विद्युतदाब दिला तर स्फटिकाचा आकार बदलला पाहिजे. क्युरी बंधूंनी तेही करून दाखवलं.

कित्येक वर्षं या शोधाला कामच नव्हतं. एक मोठं काम झालं ते घरातच. १८९८ मध्ये मारी क्युरींनी खनिजांमधून निघणाऱ्या किरणांची तीव्रता मोजली ती पियर आणि झाक यांच्या क्वार्ट्झपट्टीच्या उपकरणानं. पट्टीला वजन टांगायचं आणि तिच्यात तयार होणाऱ्या भारानं किरणांमुळे आलेला भार फेडायचा. पोलोनियम आणि रेडियमचा माग लागला तो या मोजणीतून.

पहिल्या महायुद्धात पियरचाच विद्यार्थी पॉल लांजव्हँ यानं पोलादाच्या दोन तबकड्यांमध्ये क्वार्ट्झचे काप बसवून समुद्रात आवाज सोडला आणि पाणबुडीवर आपटून आलेला प्रतिध्वनी त्याच क्वार्ट्झनं टिपला. पाणबुड्या शोधण्याच्या खटपटीत अमेरिकेत गुंतलेल्यांपैकी एक होते वॉल्टर केडी, कनेक्टिकटच्या वेस्लियन विद्यापीठातले प्राध्यापक. त्यांचं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेलं. क्वार्ट्झच्या प्रत्येक तुकड्याचं स्वतःचं एक कंपन असतं, आणि त्या कंपनाला विजेचा झोका मिळाला की ते विलक्षण स्थिर चालतं. स्फटिक आतल्या आत फार थोडी ऊर्जा गमावतो, म्हणून सूर हलत नाही. १९२१ मध्ये केडींनी या कंपनावर चालणारं सर्किट बांधलं. तेव्हाची रेडिओ केंद्रं आपल्या जागेवरून घसरून एकमेकांच्या अंगावर जात. क्वार्ट्झनं त्यांना जागेवर बसवलं. १९२७ मध्ये बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन आणि जे. डब्ल्यू. हॉर्टन यांनी त्याच कंपनांनी घड्याळ चालवलं. पुढच्या दशकात बर्लिनच्या शायबे आणि आडेल्सबेर्गर यांची क्वार्ट्झ घड्याळं इतकी अचूक झाली, की पृथ्वीचं फिरणंच किंचित मागेपुढे होतं असं त्यांच्यावरून दिसू लागलं. ज्या पृथ्वीच्या फिरण्यावर घड्याळं लावायची, तिलाच गारगोटीनं चूक काढून दाखवली.

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि क्वार्ट्झ हा एकदम लष्करी माल झाला. अमेरिकन रणगाड्यातल्या एका प्रक्षेपकाबरोबर ८० स्फटिकांची पेटी जात असे, प्रत्येक वाहिनीला एक. विमानं, तोफखाना, पायदळ सगळ्यांना स्फटिक हवे होते, तेही कोट्यवधींनी. इतका मोठा आणि स्वच्छ क्वार्ट्झ जगात एकाच देशात पुरेसा होता, ब्राझीलमध्ये. तिथल्या खाणींतून तो विमानांनीसुद्धा आणला गेला.

आलेल्या मालातला बहुतेक बाद व्हायचा. कारण होतं जुळेपणा. बाहेरून एकसंध, नितळ दिसणाऱ्या खड्यात आत दोन स्फटिक एकमेकांत घुसलेले असत. एक प्रकार उजव्या-डाव्या मळसूत्रांच्या मिश्रणाचा, त्याला ब्राझील जुळं म्हणतात. खडा तेलाच्या टाकीत बुडवून ध्रुवित प्रकाशात फिरवला की तो ओळखू येई. दुसरा प्रकार फसवा. फ्रान्सच्या दोफिने प्रांतावरून त्याला दोफिने जुळं म्हणतात. त्यात मळसूत्र एकच असतं, पण ठोकळ्यांचा कल अर्ध्या खड्यात एका अंगाला आणि अर्ध्यात उलट्या अंगाला. प्रकाशाला दोन्ही भाग सारखेच दिसतात. विजेला मात्र ते उलटे दिसतात. दाबलं की एका भागात जिथे धन भार येतो तिथे दुसऱ्यात ऋण, आणि बेरीज शून्याकडे जाते. काप काढून आम्लात बुडवावा तेव्हा कुठे त्याच्या पृष्ठभागावर दोन भागांची सीमा उमटे.

आम्लानं आणखी एक काम केलं. घासून बारीक केलेले काप पेटीत पडल्या पडल्या आपला सूर बदलू लागले आणि आघाडीवरचे संच मुके होऊ लागले. व्हर्जिल बॉटम या भौतिकशास्त्रज्ञानं कारण ओळखलं. घासताना पृष्ठभागाशी सैल झालेले कण हळूहळू गळत होते आणि काप हलका होत होता. शेवटचा थर घासण्याऐवजी आम्लानं खाऊन काढायचा, एवढा उपाय पुरला.

दोफिने जुळं होतं कसं, याचं उत्तर ५७३ या आकड्यात आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल शातलिए यांना १८८९ मध्ये आढळलं होतं की क्वार्ट्झ तापवत नेला तर याच तापमानाच्या आसपास तो एकाएकी वेगळा वागू लागतो. ५७३ अंश सेल्सिअसला ठोकळ्यांचा कल संपतो. एकही बंध तुटत नाही, एकही अणू जागा सोडून जात नाही, फक्त सगळे ठोकळे सरळ होतात आणि रचना अधिक समतोल बनते. घड्याळाला लागतो तो दाबविद्युत गुण त्याबरोबर नाहीसा होतो. परत थंड केला की ठोकळे पुन्हा कलतात, पण कुठल्या अंगाला हे कुणी सांगितलेलं नसतं. एका कोपऱ्यात इकडे, दुसऱ्यात तिकडे. खडा दिसायला आधीसारखाच राहतो आणि विजेच्या दृष्टीनं कामातून जातो. भट्टी उतरवताना कुंभार आणि चिनी मातीचे कारागीर या टप्प्यावर घाई करत नाहीत, कारण मातीतला क्वार्ट्झ इथे आकारमान बदलतो आणि भांड्याला तडा जाऊ शकतो.

या बदलाच्या आत डोकावणारा एक महत्त्वाचा प्रयोग बंगळूरला झाला. चंद्रशेखर वेंकट रामन आणि त्यांचे सहकारी टी. एम. के. नेडुंगडी यांनी तापत जाणाऱ्या क्वार्ट्झवर प्रकाश टाकून विखुरलेल्या प्रकाशाचा वर्णपट घेतला आणि १९४० मध्ये ‘नेचर’मध्ये तो प्रसिद्ध केला. स्फटिकातल्या एका कंपनाची रेषा तापमान वाढेल तशी पसरट होत, मूळ प्रकाशाच्या रेषेकडे सरकत होती. म्हणजे ज्या कंपनात ठोकळे कलतात, ते कंपन ५७३ अंश जवळ येताना ढिलं पडत जातं. ताठपणा संपला की रचना बदलते. स्फटिकांच्या अवस्थांतराचं हे चित्र सिद्धान्त म्हणून मान्य व्हायला आणखी वीस वर्षं लागली. तेव्हा या प्रयोगाचं महत्त्व नव्यानं लक्षात आलं.

युद्धानं एक धडा दिला होता. एका देशाच्या खाणींवर विसंबून राहणं धोक्याचं. मग क्वार्ट्झ तयार का करू नये? माणिक, नीलम हे तर तेव्हा भट्टीत सर्रास होत. वितळवायचं आणि थंड करायचं. क्वार्ट्झनं मात्र हा रस्ता बंद करून ठेवला आहे. वाळू १,७०० अंशांच्या वर वितळते खरी, पण तो रस इतका चिकट असतो की अणूंना रांगेत बसायला सवडच मिळत नाही, आणि निवल्यावर हाती काच येते. समजा सावकाश निववून अणूंना बसवलंच, तरी त्या उष्णतेला क्रिस्टोबलाइट बनतं, त्याखाली ट्रिडिमाइट, आणि ही घरं मोडून पुढच्या घरात जायचं तर बंध तोडावे लागतात. तेही निभावलं तर शेवटी ५७३ चा उंबरठा आहेच, आणि तो ओलांडताना जुळी होणार. तेव्हा अट एकच, जन्मापासून ५७३ च्या खाली राहायचं.

निसर्ग अनेक ठिकाणी हेच करतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंडावलेल्या दख्खनच्या काळ्या खडकात वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या. खडकातून झिरपणाऱ्या ऊन पाण्यानं सिलिका विरघळवून आणली आणि त्या पोकळ्यांच्या भिंतींवर थरावर थर चढवले. नाशिक, जळगाव, पुणे या भागांत विहीर खणताना किंवा खडी काढताना दगड फुटतो आणि आतून लखलखणारे स्फटिक दिसतात ते हेच. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असे नमुने मांडून ठेवलेले आहेत. रेडिओच्या कामाला ते पुरेसे मोठे आणि निर्दोष नसत, पण त्यांची कृती तीच, ऊन पाणी आणि धीर.

ही कृती प्रयोगशाळेत पहिल्यांदा नीट जमवली ती इटलीतल्या तुरिनच्या जॉर्जो स्पेत्सिया यांनी, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. बंद भांड्यात सोडियम सिलिकेटचं पाणी, एका टोकाला विरघळायला ठेवलेला क्वार्ट्झ आणि दुसऱ्या टोकाला ‘बीज’, म्हणजे स्फटिकाचा एक काप. खडीसाखर करताना पाकात दोरा सोडतात, तसा. फरक एवढा, की साखरेला साधं पाणी चालतं आणि क्वार्ट्झ साध्या पाण्याला दाद देत नाही. स्पेत्सियांनी विरघळायचा माल वरच्या, गरम भागात ठेवला आणि बीज खाली. गरम पाणी वरच राहिलं, अभिसरण जवळपास झालंच नाही, आणि महिनोन्‌महिने थांबल्यावर काही मिलिमीटरांची भर पडली. पण जे पडलं ते खरं क्वार्ट्झ होतं.

युद्धकाळात जर्मनीत रिचर्ड नाकेन यांनी हे काम पुढे नेलं. युद्धानंतर त्यांच्या पद्धतीची माहिती अमेरिका आणि ब्रिटनला मिळाली. बेल प्रयोगशाळेतले वॉकर आणि ब्यूलर यांनी १९५० च्या सुमारास ती व्यवहारात आणली आणि त्या दशकाच्या अखेरीस मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थ अँडोव्हरच्या कारखान्यात क्वार्ट्झचं पीक निघू लागलं. सोव्हिएत संघानं अलेक्सांद्रोव्ह शहरात या कामासाठी संस्थाच काढली.

पद्धत आज जवळजवळ तीच आहे. जाड पोलादाचं, कित्येक मीटर उंच, उभं नळकांडं. तळाशी नैसर्गिक क्वार्ट्झचे धुतलेले तुकडे. ब्राझीलमधून येणाऱ्या या तुकड्यांना पोर्तुगीजमध्ये ‘लास्का’ म्हणतात आणि जगभरच्या कारखान्यांतही तेच नाव चालतं. मधे भोकांची तबकडी, वर चौकटींवर टांगलेले बीजांचे काप. पाण्यात सोडियम हायड्रॉक्साइड किंवा सोडा, कारण अल्कधर्मी पाण्यात सिलिका बरी विरघळते. तळ ४०० अंशांच्या आसपास, वरचा भाग त्याहून चाळीसेक अंशांनी थंड. स्पेत्सियांच्या बरोबर उलट. आत दाब हवेच्या हजारपटीहून अधिक. खालचं गरम पाणी सिलिका घेऊन वर चढतं, थोडं निवतं, सगळा माल पेलवत नाही तेव्हा तो बीजावर ठेवतं आणि परत खाली येतं. बीजावर दिवसाला अर्धा ते एक मिलिमीटर थर. घाई केली तर थरांत पाणी आणि अशुद्धी अडकतात आणि काट्याचा सूर बिघडतो, म्हणून महिना-दोन महिने कुणी झाकणाला हात लावत नाही. सगळं ५७३ च्या बऱ्याच खाली घडतं, तेव्हा कल पहिल्यापासून एकाच अंगाचा राहतो.

मागणी रेडिओ आणि टेलिफोनची होती. घड्याळ मागून आलं. २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत सेइकोनं क्वार्ट्झ अ‍ॅस्ट्रॉन विकायला काढलं. किंमत साडेचार लाख येन, त्या पैशांत तेव्हा जपानमध्ये छोटी मोटार येत असे. काटा सेकंदाला ८,१९२ कंपनांचा, चूक महिन्याला पाच सेकंदांची. स्वित्झर्लंडचं नमुना-घड्याळ त्याआधी, १९६७ मध्येच तयार झालं होतं, पण बाजार जपाननं मारला. स्वस्ताई आली ती काटा बनवण्याची रीत बदलल्यावर. अमेरिकेत युर्गन श्टाउडे यांनी क्वार्ट्झच्या पातळ चकतीवर छायाचित्रणाच्या तंत्रानं शेकडो काटे एकदम आखले आणि ते आम्लानं कोरून काढले. युद्धात काप वाचवणारी खुबी इथे सुतारकामाला लागली. स्विस घड्याळ उद्योगात १९७० च्या सुमारास ९० हजारांच्या आसपास माणसं होती. १९८० च्या दशकात ती तीस-पस्तीस हजारांवर आली. आपल्याकडे १९८४ मध्ये स्थापन झालेल्या टायटननं होसूरच्या कारखान्यातून क्वार्ट्झवरच भर दिला, आणि रोज सकाळी एच. एम. टी.ला चावी देण्याची घरोघरची सवय सुटत गेली.

काट्याला एक खोड मात्र राहिली. २५ अंशांच्या आसपास तो सर्वांत नेमका चालतो. त्यापेक्षा गारठा वाढो वा उकाडा, तो मंदावतोच. तापमान दहा अंशांनी ढळलं तर महिन्याला नऊएक सेकंद मागे पडतो. मनगटाची ऊब म्हणूनच त्याला मानवते, आणि थंडीत कपाटात पडून राहिलेलं घड्याळ हातातल्यापेक्षा मागे पडतं.

आता मोबाइलमध्ये क्वार्ट्झचीच जागा घ्यायला सिलिकॉनचे सूक्ष्म कंपक आले आहेत. दुसऱ्या टोकाला अणुघड्याळं आहेत, पण त्यांच्याही पोटात बहुधा क्वार्ट्झ असतो. सीझियमचा अणू फक्त त्याला वेळोवेळी ताळ्यावर आणतो.

कारखान्यात बीज येतं ते आधी वाढवलेल्या स्फटिकातून कापून, त्याचं त्याच्या आधीच्यातून, आणि असं मागे जात हा वंश खाणीतल्या नैसर्गिक स्फटिकापर्यंत पोहोचतो. बीजात अणूंची रांग कुठे चुकलेली असेल तर ती चूक वाढणाऱ्या थरांत तशीच उतरते, म्हणून उत्तम प्रतीच्या मालासाठी बीज फार पारखून घेतात. मळसूत्रही बीजाचंच उतरतं. उजव्याचं उजवं, डाव्याचं डावं. निसर्गानं दोन्ही सारखी ठेवली असली, तरी जगातलं कारखान्यातलं क्वार्ट्झ जवळजवळ सगळं उजवं आहे. डाव्यात काही वाईट नाही, पण कापायचे कोन मळसूत्राच्या बाजूप्रमाणे उलटतात, आणि एकाच यंत्रावर दोन्ही आली तर निम्मा माल वाया जाईल. कारखान्यांनी एक बाजू धरली आणि ती आजवर सोडलेली नाही.